ब्रोमाइडचे भय आणि आपला पाव

गेल्या पंधरवड्यात या सदराला आलेल्या पत्रांपैकी एक जुळे सोलापूर भागातले आहे. पत्रलेखक लिहितात, "माझे वडील पूर्वी गिरणीत खात्यात कामाला होते. विडीही ओढत. आता त्यांना दमा आहे. छातीच्या डॉक्टरांनी दिलेल्या ओढायच्या औषधावर 'टायोट्रोपियम ब्रोमाइड' असे छापले आहे. आमच्या नात्यातील एका शिकलेल्या गृहस्थांनी ब्रोमाइड हे विष असते असे सांगितल्यापासून वडिलांनी औषध बंद केले आहे. आम्ही काय करावे?"

उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते पत्रापेक्षा तातडीचे आहे. औषध आजच सुरू करा. मनात शंका राहिलीच तर ज्या डॉक्टरांनी ते लिहून दिले त्यांच्याकडे वडिलांना घेऊन जा, पण तोवर औषध थांबवू नका. या औषधाच्या एका कुपीत अवघे १८ मायक्रोग्रॅम टायोट्रोपियम असते आणि त्याच्या जोडीला येणारे ब्रोमाइड चार मायक्रोग्रॅमच्या आसपास भरते. आपल्या रोजच्या जेवणातून, धान्य, भाजी, मासे आणि मीठ यांच्यामार्गे, काही मिलिग्रॅम ब्रोमाइड पोटात जातच असते. म्हणजे जेवणातून जाते त्याचा पाचशेवा हिस्साही या कुपीतून जात नाही. पण औषध सोडल्यावर एखाद्या थंडीच्या पहाटे धाप लागून नखे निळी पडली तर ते मात्र जिवावर बेतू शकते.

असो. पत्राचे उत्तर एवढ्यात संपले असते. पण 'ब्रोमाइड हे विष असते' हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, कारण ते अर्धे खरे आहे. ज्या ठिकाणी भ्यायला नको तिथे आपण भितो, आणि ज्या ठिकाणी चार प्रश्न विचारायला हवेत तिथे आपण पिशवी पुढे करून मोकळे होतो. म्हणून आज या ब्रोमीनचीच थोडी ओळख करून घेऊ.

आपल्या घरात एका कुटुंबातील चार भावंडांचा वावर आहे. क्लोरीन आपल्याला पाण्याच्या टाकीतील टीसीएल पावडरीमुळे माहीत आहे. आयोडीन मिठाच्या पुड्यावर छापलेले असते. फ्लोरीन टूथपेस्टमध्ये असते, आणि काही गावांच्या बोअरच्या पाण्यात ते जास्त झाले की दात पिवळे करते. चौथे भावंड ब्रोमीन. अणुक्रमांक ३५. शाळेत शिकलेल्या कोष्टकात ते क्लोरीनच्या खाली आणि आयोडीनच्या वर बसते, आणि गुणही दोघांच्या मधलेच आहेत. क्लोरीन वायू, आयोडीन घन, ब्रोमीन द्रव. साध्या तापमानाला द्रवरूप असणारी मूलद्रव्ये दोनच, धातूंमध्ये पारा आणि अधातूंमध्ये ब्रोमीन.

हा द्रव गडद तांबूस-तपकिरी रंगाचा आणि पाण्याच्या तिप्पट जड असतो. लिटरभराची बाटली तीन किलोहून अधिक भरेल. तो ५९ अंश सेल्सिअसला उकळतो. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४४ वर जातो तेव्हा ब्रोमीनची बाटली उकळीपासून फक्त पंधरा अंश दूर असते हे ध्यानात घ्या! बूच उघडताच लालसर वाफ निघते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. वास इतका उग्र की नावच त्यावरून पडले, ग्रीक भाषेत 'ब्रोमॉस' म्हणजे दुर्गंधी. कातडीवर थेंब पडला तर खोल भाजते आणि ती जखम लवकर भरत नाही. औषधे आणि रंग बनविणाऱ्या कारखान्यांत ब्रोमीन कच्चा माल म्हणून लागते. आपल्या भागातील जी तरुण मुले अशा कारखान्यांत कामाला जातात त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. अंगावर उडाले तर कपडे काढून किमान पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली उभे राहायचे, मलम शोधत बसायचे नाही. वाफ छातीत गेली असेल तर 'आता बरे वाटते' म्हणून घरी जायचे नाही. फुप्फुसात पाणी साठायला कित्येक तास लागू शकतात, म्हणून रात्रभर तरी डॉक्टरांच्या नजरेखाली राहणे आवश्यक असते.

हे ब्रोमीन मोकळ्या अवस्थेत निसर्गात सापडत नाही. ते समुद्राच्या पाण्यात मीठ होऊन राहते, एका लिटरला साधारण ६५ मिलिग्रॅम. १८२६ साली फ्रान्समधील माँपेलिए येथे बालार नावाच्या अवघ्या तेवीस वर्षांच्या तरुणाने मिठागरात मीठ काढून झाल्यावर उरलेल्या कडू पाण्यातून ते प्रथम वेगळे केले. गंमत अशी की जर्मनीतील थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्याकडे हाच द्रव आधीपासून बाटलीत पडून होता, आणि त्यांनी त्यावर भलतीच चिठ्ठी डकवून ठेवली होती. आपल्या देशातही ब्रोमीन येते ते मुख्यतः कच्छच्या रणातून, मिठागरांतील त्याच कडू पाण्यापासून. म्हणजे चादरीच्या गावाला दूरचे वाटणारे हे द्रव्य मिठाचेच सोबती आहे. आणि चादरीशीही त्याचा संबंध आहे बरे का. प्राचीन काळी रोमच्या बादशहांची वस्त्रे ज्या जांभळ्या रंगाने रंगवीत तो समुद्री गोगलगायींपासून काढीत. १९०९ साली फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने बारा हजार गोगलगायींतून जेमतेम दीड ग्रॅम रंग मिळविला आणि दाखवून दिले की तो म्हणजे आपली नीळच, फक्त तिला ब्रोमीनचे दोन अणू चिकटलेले.

आता मुख्य मुद्दा. मोकळे ब्रोमीन, ब्रोमाइड आणि ब्रोमेट ही तीन वेगळी प्रकरणे आहेत. ब्रोमीन जाळते. ब्रोमाइड हे मिठाचे भावंड, थोडे असेल तर निरुपद्रवी, खूप साठले तर मेंदूला गुंगी आणणारे. ब्रोमेट मात्र आक्रमक, समोर येईल त्याचे भस्मीकरण करू पाहणारे. नावात साम्य असले तरी वागणुकीत जमीन-अस्मानाचा फरक. सोडियम धातू पाण्यात टाकला तर पेट घेतो आणि क्लोरीन श्वासातून गेले तर मारते, तरी दोघांचे मिळून झालेले मीठ आपण आमटीत घालतो, तसेच हे आहे.

पत्रलेखकांच्या नातेवाइकांनी ब्रोमाइडला विष म्हटले त्याला जुना आधार आहे. १८५७ साली लंडनच्या लोकॉक या डॉक्टरांनी पोटॅशियम ब्रोमाइड दिल्याने फिट्स कमी होतात हे प्रथम सांगितले. फेफऱ्यावर खरोखर लागू पडणारे जगातील ते पहिले औषध. त्याआधी माणसे काय काय करीत याची कल्पना यायला फार मागे जायला नको. आजही एखाद्याला बसस्थानकावर झटका आला की कोणीतरी कांदा फोडतो, कोणी चप्पल नाकाला लावतो. (हे कृपा करून बंद करा. रुग्णाला कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचे सैल करा, तोंडात चमचा किंवा पाणी काहीही घालू नका, आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर रिक्षा बोलवा.) तर हे ब्रोमाइड पुढे पन्नास-साठ वर्षे दवाखान्यांवर राज्य करीत होते. कंपाउंडरच्या फळीवर 'पोट. ब्रोम.' अशी चिठ्ठी लावलेली बरणी हमखास असे. झोप येत नाही, चिडचिड होते, छातीत धडधडते, द्या मिक्श्चर! डोसाच्या कातरलेल्या कागदी पट्ट्या लावलेल्या त्या बाटल्या माझ्या पिढीतील वाचकांना आठवत असतील.

अडचण अशी की ब्रोमाइड शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. आज घेतलेल्यातील निम्मे जायला सुमारे बारा दिवस लागतात. रोज थोडे थोडे घेणाऱ्याच्या रक्तात ते साठत जाते. मग सुस्ती, विसराळूपणा, अडखळती जीभ, अंगावर मुरुमांसारखे फोड, आणि शेवटी भ्रम. नको त्या गोष्टी दिसू लागतात, बायको जेवणात विष घालते असे वाटू लागते. अमेरिकेत एके काळी मनोरुग्णालयात भरती होणाऱ्यांमध्ये असे रुग्ण कितीतरी असत, आणि वेड बरे करायला त्यांना पुन्हा ब्रोमाइडच दिले जाई. १९१२ मध्ये फिनोबार्बिटोन आले तशी ब्रोमाइडची सद्दी संपू लागली, आणि १९७० च्या दशकात अमेरिकेने दुकानात सहज मिळणाऱ्या झोपेच्या औषधांतून ते काढून टाकले.

हा इतिहास झाला असे मी समजत होतो. पण ऑगस्ट २०२५ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एका साठ वर्षांच्या गृहस्थाची हकिगत प्रसिद्ध झाली. मीठ वाईट, मीठ वाईट असे वाचून त्याने जेवणातील मिठाचे क्लोराइडच हद्दपार करायचे ठरविले. क्लोराइडऐवजी काय चालेल हे त्याने संगणकावरील बोलक्या यंत्राला विचारले, त्यातून 'ब्रोमाइड' हा शब्द त्याच्या हाती लागला, आणि सोडियम ब्रोमाइड मागवून तीन महिने तो ते मिठासारखे खात राहिला. शेजारी आपल्यावर विषप्रयोग करतो असे म्हणत तो रुग्णालयात पोहोचला. निरोगी माणसाच्या रक्तात लिटरमागे सात मिलिग्रॅमच्या वर ब्रोमाइड सहसा नसते. त्याच्या रक्तात ते सतराशे होते! आणखी एक पेच असा की तपासणीच्या यंत्राला ब्रोमाइड हे क्लोराइडच वाटते, त्यामुळे रिपोर्टात क्लोराइड भरमसाट वाढलेले दिसते आणि डॉक्टरही क्षणभर चकतो. उपचार साधा होता, शिरेतून मिठाचे पाणी. मूत्रपिंडाला ब्रोमाइड आणि क्लोराइड यांतला फरक फारसा कळत नाही. मीठ भरपूर मिळाले की ते दोघांनाही बाहेर घालवते.

रक्तदाबाच्या रुग्णांनी यातून भलताच अर्थ काढू नये. मीठ कमी करा असे आम्ही सांगतो ते पापड, लोणचे, शेव-फरसाण कमी करण्यासाठी. दुसरे कोणते तरी पांढरे चूर्ण शोधून खाण्यासाठी नव्हे. बाजारातील 'कमी सोडियम'च्या मिठात पोटॅशियम असते, आणि मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांनी तेसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आजच्या औषधांच्या वेष्टनावर ब्रोमीन ठिकठिकाणी भेटते. पोटात मुरडा येतो त्यावरचे हायोसीन ब्युटिलब्रोमाइड, दम्याचे इप्राट्रोपियम ब्रोमाइड, कोरड्या खोकल्याचे डेक्स्ट्रोमेथॉर्फन हायड्रोब्रोमाइड. यांत ब्रोमाइड हे नुसते सोबतीला आहे. मूळ औषध पाण्यात नीट विरघळावे म्हणून त्याला क्षाराचे रूप दिलेले असते. ब्रोमहेक्झिनची गोष्ट निराळी, तिथे ब्रोमीन औषधाच्या रेणूतच गुंफलेले आहे. कफ पातळ करणारे हे औषध आपल्या अडुळशातील व्हासिसिन या द्रव्यावरून घडविले गेले. आजीच्या काढ्याचा तो नातूच म्हणायचा. त्यात ब्रोमीन आहे म्हणून कोणाला वेड लागत नाही, कारण मात्रा लहान आणि काम ठराविक.

औषधाच्या दुकानातून निघून आता किराणा आणि कृषी दुकानाकडे वळू. उंदरांसाठी जी तयार वडी मिळते तिच्यात बहुधा ब्रोमॅडिओलोन असते. नावातला 'ब्रोम' हा तोच. उसाच्या फडाशेजारी राहणाऱ्यांच्या घरी ती असतेच. हे विष रक्त गोठू देत नाही. लहान मुलाने वडी चघळली तर पहिले दोन-तीन दिवस काहीच होत नाही, मूल खेळत असते, घरचे निर्धास्त होतात. नंतर हिरड्यांतून, नाकातून रक्त येते, शौचास काळी होते. म्हणून लक्षणांची वाट न पाहता मुलाला आणि वडीच्या वेष्टनाला, दोघांनाही घेऊन सिव्हिल हॉस्पिटल गाठायचे. वेष्टन यासाठी की उंदराच्या औषधांत जातीजातीचा फरक आहे. झिंक फॉस्फाइड आणि पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट यांवर थेट उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनवर मात्र जीवनसत्त्व 'के' हा चांगला उतारा आहे, फक्त तो कित्येक आठवडे घ्यावा लागतो. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याच्या भानगडीत पडू नका.

इथवर जे जे आले त्या सर्वांवर निदान नाव छापलेले असते. ज्याला वाचता येते तो वाचू शकतो. आता जिथे नाव छापलेले नसते तिकडे येतो, म्हणजे पावाकडे.

सोलापूर हे भाकरीचे गाव. ज्वारीच्या पिठात ताण देणारा चिकटा नसतो, म्हणून ते गरम पाण्यात मळून हातावर थापावे लागते, आणि त्यात फुगवण्याचे कोणतेही चूर्ण घालून उपयोग नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी महिनाभर टिकते ती कोणाच्याही रसायनाशिवाय. मैद्याचे तसे नाही. मैद्याच्या चिकट्याला जितका ताण तितका पाव फुगतो. नुकताच दळलेला मैदा त्या मानाने लेचापेचा असतो. तो काही आठवडे पोत्यात मुरू दिला की हवेतील प्राणवायूने हळूहळू बळकट होतो. पण इतके दिवस माल अडकवून ठेवणे बेकरीवाल्याला परवडत नाही. पोटॅशियम ब्रोमेट हेच काम चिमूटभरात करते. ते सावकाश काम करते, पीठ आंबत असताना आणि भट्टीत गेल्यावरही, आणि त्यामुळे लादी उंच, पांढरी, कापसासारखी येते. शिवाय स्वस्त. विसाव्या शतकात जगभरच्या बेकऱ्यांनी ते वापरले ते उगीच नव्हे.

त्याला परवानगी मिळाली होती ती एका समजुतीवर. पुरेशा उष्णतेत भाजले गेले की ब्रोमेटचे साध्या ब्रोमाइडमध्ये रूपांतर होते आणि धोका संपतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर आहे. पण चूर्ण हाताने जास्त पडले, भट्टी पुरेशी तापली नाही किंवा गर्दीच्या वेळी लादी लवकर काढली तर काही ब्रोमेट तसेच उरते. १९८२ च्या सुमारास जपानमधील संशोधकांनी दाखवून दिले की पाण्यातून ब्रोमेट दिलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडात गाठी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९९ मध्ये ते माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असणाऱ्या पदार्थांच्या यादीत कायम ठेवले. पिण्याच्या पाण्यासाठी तीच संघटना लिटरमागे दहा मायक्रोग्रॅमची मर्यादा घालते. ब्रिटनने १९९० मध्ये, कॅनडाने १९९४ मध्ये पावातून ते हद्दपार केले.

आणि आपण? शीतपेयांच्या बाबतीत आपण जगाच्या पुढे होतो, हे अभिमानाने सांगायला हवे. लिंबू-संत्र्याच्या पेयात फळाचे तेल वर तरंगू नये म्हणून वनस्पती तेलाला ब्रोमीन जोडून जड करीत आणि ते पेयात मिसळीत. हे ब्रोमीनयुक्त तेल भारताने १९९० मध्येच बंद केले, आणि त्या वेळी मोठमोठ्या पेयांची घडी विस्कटली. अमेरिकेला तीच बंदी घालायला २०२४ साल उजाडले. पावाच्या बाबतीत मात्र उलटे झाले. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने तेथील बाजारातील पाव, बन वगैरेंचे ३८ नमुने तपासले, त्यांपैकी ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडले. बातम्या झाल्या, आणि जून २०१६ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पोटॅशियम ब्रोमेट परवानगीच्या यादीतून काढले. ब्रिटनच्या पाठोपाठ सव्वीस वर्षांनी.

आता माझे मत. कागदावरची बंदी पुरेशी आहे असे मला वाटत नाही, आणि याचे कारण बेकरीवाले वाईट आहेत हे नव्हे. सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या भट्टीपुढे रात्र काढणारी कुटुंबे आहेत, मी कोणावरही आरोप करीत नाही. कारण असे आहे की कंपनीच्या ब्रेडला वेष्टन असते आणि त्यावर घटक छापावे लागतात. आपली लादी मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून मिळते. वडापावच्या गाडीवर, शाळेसमोर, विडी कामगार बायांच्या सकाळच्या चहाबरोबर, रुग्णालयाच्या दारात जो पाव खाल्ला जातो त्यावर काहीच छापलेले नसते. तो बघून, हुंगून, चाखून ब्रोमेट ओळखता येत नाही. फार फुगलेला आहे म्हणजे त्यात ते आहे असेही नाही. ते फक्त प्रयोगशाळेत कळते. ज्याच्या पिशवीत दहा रुपये आहेत त्याने प्रयोगशाळा कुठून आणायची?

शिवाय खुद्द बेकरीवाल्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. तो ब्रोमेट म्हणून काही विकत घेत नाही, तो 'इम्प्रूव्हर'चा पुडा घेतो. त्या पुड्यावर घटक लिहिलेले असलेच पाहिजेत. ब्रोमेटला आंतरराष्ट्रीय क्रमांक ९२४ आहे. पुड्यावर क्रमांक ३०० असेल तर ते ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे जीवनसत्त्व 'क', आवळ्यात असते तेच, आणि पीठ बळकट करण्याचे काम तेही करते. सोबत काही विकरे वापरली की लादी छान येते. ब्रिटनमध्ये तीस वर्षांहून अधिक काळ पाव ब्रोमेटशिवायच फुगतो आहे. तेव्हा 'ब्रोमेट नसेल तर धंदा बसेल' हे कोणी सांगू नये.

पाव खाणाऱ्यांना घाबरवण्याचाही माझा हेतू नाही. ब्रोमेटची तीव्र विषबाधा होते तेव्हा मूत्रपिंड निकामी होते आणि कायमचा बहिरेपणा येतो, पण ती चूर्णच पोटात गेल्याने. आठवड्यातून दोनदा पावभाजी खाणाऱ्याला ते होणार नाही. प्रश्न रोज, वर्षानुवर्षे खाणाऱ्यांचा आहे, आणि रोज पाव खातात ती माणसे सधन नाहीत. ज्यांना सकाळी भाकरी थापायला वेळ नसतो, चूल पेटवायला सवड नसते, ती आहेत. शिवाय ज्या धोक्याचा एक पैशाचाही फायदा खाणाऱ्याला मिळत नाही तो थोडासा का असेना, त्याने का सोसावा?

म्हणून अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयाकडे माझी सूचना आहे. वर्षातून दोनदा, न सांगता, शहरातील आणि बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, करमाळा येथील बेकऱ्यांतील सुट्या पावाचे आणि इम्प्रूव्हरचे नमुने घ्यावेत आणि निष्कर्ष वर्तमानपत्रांना द्यावेत. ज्यांचा पाव निर्दोष निघेल त्यांची नावे आधी छापावीत. दिवाळीच्या तोंडावर खव्यावर धाडी पडतात, छायाचित्रे येतात, ते चांगलेच आहे. पण खवा वर्षातून एकदा, आणि पाव रोज. नगरपालिका आणि शाळांच्या आवारातील उपाहारगृहांनी पाव घेताना बेकरीकडून 'पोटॅशियम ब्रोमेट वापरलेले नाही' असे लेखी घ्यावे. त्याला खर्च शून्य आहे.

आणि कोणी पुढाकार घेतला नाही तरी आपला हात अगदीच रिकामा नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ मध्ये चाळीसावे कलम आहे. त्यानुसार कोणीही ग्राहक विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एवढीच की विकत घेतानाच दुकानदाराला तसे सांगावे लागते. पदार्थ नियमबाह्य निघाला तर भरलेले शुल्क परत मिळते. एकट्यादुकट्याला हे जड जाईल, पण ग्राहक संघटनेला, महिला मंडळाला किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला सहज जमेल. तोवर उद्या सकाळी लादी घेताना बेकरीवाल्या काकांना एवढे विचारून पाहा की तुमच्या इम्प्रूव्हरच्या पुड्यावर काय छापले आहे. विचारताना आवाज चढवू नका, पुडा बघायला मागा. ते तुम्हाला काय सांगतात ते मला या सदराच्या पत्त्यावर कळवा. बेकरीचे नाव लिहू नका, पुड्यावर छापलेले घटक मात्र जसेच्या तसे उतरवा.